लचकलेल्या काठाची गोष्ट

खोल समुद्रात गळाने मोठा मासा धरायला जाणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी होड्या बाजूने पाहिल्या, की नजर वरच्या काठावर ठरते. नाळेपाशी हा काठ उंच असतो, हळूहळू उतरत येतो, मध्याच्या आसपास एकदम लचकतो आणि मग पाण्याच्या जवळून मागे जातो. जाहिरातींत या लचकेचे वर्णन दागिन्यासारखे करतात. नौकाबांधणीचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. जुनी छायाचित्रे आणि आराखडे समोर ठेवून काही वर्षे या रेषेचा माग काढतो आहे. ती गरजेतून आली, असे माझे मत आहे.

1934 साली अर्नेस्ट हेमिंग्वेने ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्याकडून 38 फुटांची ‘पिलार’ घेतली. मूळ घडण सहलीच्या होडीची. त्याने मागचा काठ फूटभर खाली घेववला आणि मासा आत ओढता यावा म्हणून त्यावर लाकडी रूळ बसवून घेतला. मार्लिन किंवा ट्यूना दमून जवळ आला, की कुणीतरी वाकून दोरी हाताने धरायची आणि लांब दांड्याचा आकडा मारायचा. काठ उंच असेल तर हात पोचत नाही, आणि तासन्‌तास झुंजवलेला मासा तिथेच हातचा जातो. बरे, सगळी होडीच बुटकी करावी, तर पुढून लाट आत येते.

फ्लोरिडात वेस्ट पाम बीचला रिबोविच कुटुंबाचा होड्या दुरुस्तीचा कारखाना होता. सहलीच्या होड्या मासेमारीजोग्या करून घ्यायला लोक तिथे येत. दुसऱ्याच्या होडीत काय अडते, हे रोज पाहणाऱ्या या माणसांनी 1947 मध्ये चार्ली जॉन्सन या मोटारविक्रेत्यासाठी ‘मिस शेवी टू’ बांधली. पहिल्यापासून याच कामासाठी आखलेली आधुनिक होडी म्हणून तिचे नाव घेतात. उंच नाळ आणि ठेंगणी मागची बाजू यांचा सांधा रिबोविचांनी वळणदार केला. तो सरळ पायरीसारखाही चालला असता. वळण ही त्यांची रसिकता. इतके श्रेय सौंदर्यालाही द्यायला हवे.

उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर प्रश्न वेगळा होता. तिथली ऑरेगन इनलेट ही खाडी 1846 च्या वादळाने फोडली. तिच्या तोंडाशी वाळूचे दांडे सतत सरकत असतात आणि त्यांवर लाटा फुटतात. रोज गिऱ्हाइकांना घेऊन तिथून बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परतायचे, म्हणजे जिवाशीच गाठ. वॉरन ओ’नील, ओमी टिलेट यांच्यासारख्यांनी नजरेच्या अंदाजाने ज्या होड्या घडवल्या, त्यांची नाळ पाण्याशी अरुंद आणि वर घंटेच्या तोंडासारखी फाकलेली असे. अरुंद भाग लाट कापतो. नाळ खाली बुडू लागली, की फाकलेला भाग तिला उचलून धरतो आणि पाणी बाजूला फेकतो. टिलेट स्वतः तांडेल होता. आपल्याच होडीतून त्या तोंडातून जाणारा माणूस शोभेसाठी फळी वाकवणार नाही.

पुढे मात्र शोभेला वेगळी किंमत आली. आज कित्येक होड्यांच्या मागच्या फळीवर सागवानाच्या रेषा रंगाने काढतात. जवळून पाहिल्याशिवाय ते लाकूड नव्हे हे कळत नाही. यात कुणाचे नुकसान नाही, कारागिरीही थक्क करणारी आहे. नाळेचा फुगारा गरजेहून वाढवला, तर मात्र वजन वाढते आणि वारा जास्त अडतो. तिथे हौसेची किंमत समुद्रात मोजावी लागते.

काठाची लचक अजून रंगकामाच्या पंगतीला बसलेली नाही. होड्या साठ-सत्तर फुटांच्या झाल्या, नाळा उंचावल्या. मागचा काठ मात्र उभ्या माणसाच्या मांडीला टेकेल इतकाच ठेवावा लागतो, कारण मांडी तिथे टेकवूनच तो दोरीला धरून पाण्यावर वाकतो. त्यामुळे होडी जितकी मोठी, तितकी ती रेषा आणखी खोल उतरवावी लागते.