पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर लिव्हरचा रिपोर्ट का वाढतो?

पित्ताशयात खडे झाले की पोटाला तीन-चार छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीने पित्ताशय काढतात. देशात ही पद्धत १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी सुरू केली. आता ती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. मात्र ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रक्त तपासले की एसजीओटी, एसजीपीटीचे आकडे वाढलेले दिसतात आणि घरची मंडळी घाबरतात.

कारण काय?

आतले नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याचा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरइतका असतो. आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब साधारण ७ ते १० असतो. त्यामुळे तेवढ्या वेळेपुरता लिव्हरचा रक्तपुरवठा घटतो. शिवाय पित्ताशय सोडवताना लिव्हर ओढले जाते, विजेच्या उपकरणाची उष्णता लागते. परिणामी पेशींमधली एन्झाइम रक्तात उतरतात. लिव्हर आधीपासून ठणठणीत असेल तर हे आकडे बहुधा आठवडाभरात खाली येतात. त्यासाठी वेगळे औषध लागत नाही. पांढऱ्या पेशीही एक-दोन दिवस थोड्या वाढतात. तेवढ्यावरून जंतुसंसर्ग झाला असे होत नाही.

कधी सावध व्हायचे?

बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे दोन आकडे चढतच गेले, तर पित्ताच्या वाटेत अडथळा असू शकतो. नळीत खडा राहिलेला असतो, नळीला इजा झालेली असते किंवा पित्त पोटात गळत असते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, थंडी वाजून ताप, वाढती पोटदुखी, सारख्या उलट्या यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी सर्जनला गाठावे. सोनोग्राफी किंवा एमआरसीपीत कारण सापडते. नळीतला खडा बहुतेक वेळा एंडोस्कोपीने काढता येतो.

अशा वेळी 'कावीळ झाली' म्हणून गावठी औषध आणि पथ्य करत बसणे धोक्याचे आहे. अडथळ्याची कावीळ पथ्याने जात नाही आणि वाया गेलेल्या दिवसांत संसर्ग रक्तात पसरू शकतो.

ऑपरेशनपूर्वीचा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवावा. फॅटी लिव्हर, दारू, जुनी कावीळ किंवा चालू औषधे याबद्दल डॉक्टरांपासून काही लपवू नये. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे महत्त्वाचे.