पुनरावृत्तीचा हिशेब : पाटण्यापासून हॅश कोष्टकापर्यंत

एकच मूल्य कितीही वेळा ठेवू देणाऱ्या संग्रहाला गणितात बहुसंच म्हणतात. त्याचे इंग्रजी नाव, मल्टिसेट, डच गणिती डी ब्रुइन यांनी १९७०च्या दशकात डोनाल्ड कनूथ यांना सुचवले. विचार मात्र फार जुना आहे.

सुमारे ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’तील अंकपाश या प्रकरणात भास्कराचार्य २, २, १, १ हे अंक देऊन त्यांच्या किती संख्या होतील, असे विचारतात. चारही अंक वेगळे असते तर २४ झाल्या असत्या. पण दोन २ आपसांत बदलले तरी संख्या तीच राहते आणि दोन १ चेही तेच; म्हणून २४ ला दोनदा २ ने भागायचे. उरतात ६ : ११२२, १२१२, १२२१, २११२, २१२१, २२११. त्यांची बेरीज ९९९९. सारखे अंक न गाळता त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम केला, हे या प्रकरणाचे मोठेपण. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. असे बहुसंच संगणकात साठवायची एक रीत म्हणजे हॅशिंग; तो शोध अर्थातच तिथला नाही, आणि तसा दावा करणे भास्कराचार्यांवरच अन्याय ठरेल.

हॅशिंगची कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात मांडली. नोंदीच्या किल्लीवरून गणिताने कप्प्याचा क्रमांक काढायचा, आणि एकाच कप्प्यात अनेक नोंदी आल्या तर त्यांची साखळी करायची. १९९४ मध्ये सी प्लस प्लस या संगणकभाषेच्या मानकाच्या मसुद्यात शिरलेल्या एसटीएल ग्रंथालयात मल्टिसेट व मल्टिमॅप (एका किल्लीखाली अनेक नोंदी ठेवणारा संग्रह) होते, पण ते क्रमवार रचनेचे. हॅशवर आधारलेले संग्रह १९९५ मध्ये सुचवले गेले; पण त्या मानकासाठी तोवर उशीर झाला होता. एसजीआयसारख्या कंपन्यांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. अखेर २०११च्या मानकात अनऑर्डर्ड मल्टिसेट आणि अनऑर्डर्ड मल्टिमॅप आले. आधीच्या आवृत्त्यांशी गल्लत होऊ नये म्हणून नावात ‘हॅश’ हा शब्द टाळला.

समजा, ‘घोडबंदर रस्ता’ या किल्लीखाली चेणे, वर्सोवे आणि गायमुख अशा तीन नोंदी केल्या. साध्या मॅपमध्ये पहिली शिरते आणि पुढच्या दोन नाकारल्या जातात. मल्टिमॅप तिन्ही ठेवतो. सारख्या किल्ल्यांच्या नोंदी लगोलग ठेवण्याचे बंधन मानकानेच घातले आहे, म्हणून त्या एका फेरीत वाचता येतात. किंमतही आहे : किल्ली एकच असल्याने कप्पे कितीही वाढवले तरी या नोंदी पांगत नाहीत, आणि हजारो झाल्या की मोजायलाही त्या प्रमाणात वेळ लागतो. पुसतानाही जपावे. किल्ली देऊन पुसल्यास चेण्यासह तिन्ही नोंदी जातात. एकच काढायची असेल तर त्या नोंदीचा इटरेटर, म्हणजे तिची जागा दाखवणारा दर्शक, द्यावा लागतो.