वाडा, चुना आणि सिमेंट

जामनेरचा आमचा जुना वाडा कसा दुरुस्त करायचा, यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात. काका म्हणतात, "सिमेंट मारून टाकू, पन्नास वर्षं बघायला नको!" मी राहतो पुण्यात, म्हणून उदाहरण इथलंच घेतो.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पण १८२१ मध्ये वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत जळालेला भाग नगरपालिका आणि लोकवर्गणी यांच्या जोरावर पुन्हा उभा राहिला. पुढे तिथे नगरपालिकेच्या कचेऱ्या होत्या. त्याच वेळी जळालेला बुधवारवाडा मात्र गेला तो गेलाच.

थोडक्यात काय, वापरात असलेलं टिकतं. पण जुना कोड बदलण्याआधी तो चालतो कसा हे कळावं लागतं, तसंच घराचं!

खानदेशातल्या धाब्याच्या घरात माती आणि चुना ओल शोषतात, पुन्हा सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, माती सुटते, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजतात. बाहेरून सगळं चकाचक!

तेव्हा माझं मत असं : गिलावा चुन्याचाच, सागवानी खांब तसेच, कुजलेला तुकडा तेवढा बदलायचा. वायरिंग, संडास-बाथरूम खुशाल नवीन करा. काकांना हे पटेलही एक वेळ. पण त्या वाड्यात राहणार कोण? आम्ही भावंडं तर सगळी बाहेर. खरी दुरुस्ती तिथेच अडलीय..