काचेआडचा समुद्र

समुद्री जीव काचेआड जगवण्याच्या महाराष्ट्रातील परंपरेसाठी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाकडे वळावे लागते, ज्याचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी १९५१ मध्ये केले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने असे दालन १८५३ मध्येच उघडले होते. परंतु नितळ दिसणाऱ्या पाण्यातही मासे का दगावतात, याचा उलगडा करणारे मूलभूत संशोधन १८९० च्या सुमारास झाले, जेव्हा सर्गेई विनोग्रादस्की यांनी नायट्रीकरण करणारे, म्हणजे पाण्यात साठणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे, जीवाणू वेगळे केले. गाळणीतील वाळू वा खडी केवळ गाळ अडवते, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते, कारण वाळू-खडीचे खरे मोल या जीवाणूंना आसरा देण्यात आहे. लहान टाकीत हा समतोल फार नाजूक असतो: साठणारे नायट्रेट कमी करण्यासाठी थोडे पाणी नियमित बदलावे लागते, आणि बाष्पीभवनात मीठ मागेच राहत असल्याने, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता टिकवण्यासाठी, पाण्याची ती घट गोड्या पाण्यानेच भरावी लागते.