पेढीचा बावटा

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात वसईच्या पाचूबंदरला गेलं की रंगाचा वास माशांच्या वासावर मात करतो. जून-जुलैची मासेमारीबंदी संपत आलेली वा संपलेली असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि पावसाच्या दोन सरींमध्ये जो उघाड मिळेल त्यात लोक रंगकाम उरकत असतात. होडीच्या नाळेवर कुणी क्रूस काढतं, कुणी स्वस्तिक. शेजारी शेजारी उभ्या असतात त्या होड्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेवटी येतात निशाणं. केशरी, निळी, पांढरी, दोनरंगी, कुठे चांदणी, कुठे नुसतीच झालर. एका तांडेलाला मी विचारलं होतं, की होडीवर सरकारी नंबर रंगवलेला असताना हे निशाण कशाला? तो म्हणाला, "लांबशी निशाण दिसतं. नंबर जवळ आल्यावर दिसतो, तवर काय करायचं?"

माझ्याकडे ब्राऊन नावाच्या ग्लासगोच्या प्रकाशकाचं एक छोटं पुस्तक आहे, मुंबईत फाऊंटनच्या फुटपाथवर घेतलेलं. त्यात जगभरच्या जहाज कंपन्यांचे बावटे आणि धुराडी रंगीत छापलेली आहेत. तांडेलाचं उत्तर म्हणजे त्या पुस्तकाची प्रस्तावनाच. आगबोटी आल्या तेव्हाही बंदरातल्या दलालाला, पायलटला (म्हणजे जहाज बंदरात आणणाऱ्याला, आकाशातला पायलट नंतरचा), गोदीतल्या मुकादमाला लांबून कळायला हवं असे की येणारं जहाज कुणाचं. म्हणून प्रत्येक कंपनीने आपला एक बावटा ठरवला. इंग्रजीत त्याला हाऊस फ्लॅग म्हणतात. यातलं 'हाऊस' म्हणजे व्यापारी घराणं, पेढी. मी आपला त्याला पेढीचा बावटा म्हणतो.

जहाजावर तीन निशाणांच्या तीन जागा ठरलेल्या. मागच्या टोकाला ज्या देशात जहाजाची नोंद आहे त्या देशाचा ध्वज. मुख्य डोलकाठीवर पेढीचा बावटा. आणि परक्या बंदरात असताना पुढच्या डोलकाठीवर त्या यजमान देशाचा ध्वज, पाहुण्याने घरात शिरताना नमस्कार करावा तसा. कायद्याला मागच्या ध्वजाशी कर्तव्य, बाजाराला मधल्या.

त्या पुस्तकात माझं मन रमतं ते जर्मन पानांवर. इंग्रजी कंपन्यांचे बावटे बरेचसे रंगांच्या पट्ट्यांवर भागवलेले. जर्मन बावट्यांत मात्र गाव डोकावतं. ब्रेमेनच्या नॉर्थ जर्मन लॉइडचा (स्थापना १८५७) पांढरा बावटा घ्या. त्यावर निळी किल्ली आणि निळा नांगर एकमेकांवर फुलीसारखे, आणि भोवती ओकच्या पानांची माळ. किल्ली ब्रेमेन शहराच्या मुद्रेवरची, म्हणजे सेंट पीटरची. सेंट पीटर मूळचा मासेमार. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत त्याच्या नावाची चर्चं आहेत, त्यामुळे वसईच्या माणसाला ही किल्ली समजावून सांगावी लागत नाही. हॅम्बुर्गच्या हापागचा (१८४७) बावटा तिरक्या रेघांनी निळ्या-पांढऱ्यात विभागलेला, त्यावर काळा नांगर आणि पिवळ्या ढालीवर कंपनीची आद्याक्षरं. रिकमर्स घराण्याने आपल्या मूळ बेटाचे, हेल्गोलँडचे, हिरवा-लाल-पांढरा हे रंगच उचलले आणि मध्ये 'आर' हे अक्षर बसवलं.

आपल्या किनाऱ्याशी ज्याचं खरं नातं जुळलं तो बावटा मात्र हान्सा कंपनीचा. १८८१ साली ब्रेमेनमध्ये निघालेली ही कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई-कलकत्त्याच्या मार्गावर होती. प्रवासी नाही, माल. पुढे तर रेल्वे इंजिनांसारखा अवजड मालही. तिचे रंग काळा, पांढरा, लाल, आणि मध्ये काळा माल्टीज क्रॉस. धुराड्यावरही तोच क्रूस. जहाजांची नावं बहुतेक 'फेल्स'ने संपणारी. फेल्स म्हणजे कडा. एरेनफेल्स, द्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही गढ्या-किल्ल्यांची नावं, आपल्याकडे एखाद्याने होड्यांना रायगड, तोरणा, राजगड म्हणावं तशी. द्राखेनफेल्स म्हणजे ड्रॅगनचा कडा. ऱ्हाईनकाठच्या या डोंगराची दंतकथा जर्मन पोरासोरांना पाठ असते.

क्रूस जर्मन असला तरी त्याच्याखाली राबणारे हात मात्र बरेचदा इथले असत. हान्सा आपल्या भारताच्या मार्गावर हिंदुस्थानी खलाशी घेई. ते स्वस्त पडत. मुंबईत भरती होणारे डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे मुसलमान, तर खानपानाच्या खात्यात गोव्याचे लोक, जे दोन फेऱ्यांच्या मध्ये धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या सामायिक खोल्यांमध्ये, राहत. आगबोटीवर त्यांची उतरंड सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी अशी. तांडेल हा शब्द आमच्या होड्यांवरही आहे, फरक इतकाच की इथे तो सगळ्यांत वरचा आणि तिथे सारंगाच्या हाताखालचा.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पुकारलं गेलं तेव्हा हान्साच्या जहाजांवरचे शेकडो हिंदुस्थानी खलाशी जर्मन बंदरांत अडकले. कंपनीचा बावटा जर्मन, हे लोक ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. म्हणजे काल ज्या मालकाचं जहाज चालवत होते त्याच्याच देशात ते आज शत्रू ठरले. वर्षानुवर्षं ते नजरकैदेत राहिले. त्यांतले काही बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या 'अर्धचंद्र' छावणीत पोचले, जिथे युद्धात पकडलेले हिंदुस्थानी शिपाईही ठेवलेले होते. त्या काळात जर्मन विद्वानांच्या एका मंडळाने कैद्यांना ध्वनिमुद्रण यंत्रापुढे बसवून त्यांच्या भाषा मुद्रित करून घेतल्या. त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आजही आहेत. कैद्यांना काय म्हणायचं होतं याच्याशी त्या मंडळाला फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांना उच्चार हवे होते. तरीही त्यात घरची आठवण, भाकरीची आठवण शिरलीच.

दरम्यान जी जर्मन जहाजं युद्ध सुरू होताना हिंदी महासागरात होती त्यांतली काही मुरगावला जाऊन थांबली. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तेव्हा तटस्थ. वसईकराच्या मनात इथे एक वाह्यात विचार येतोच: चिमाजी अप्पाने मे १७३९ मध्ये वसई घेतली नसती, तर मुंबईच्या उशाशीच एक तटस्थ पोर्तुगीज बंदर राहिलं असतं आणि ही सगळी कथा आमच्या खाडीच्या तोंडावर घडली असती. (खाडीत एवढी मोठी जहाजं शिरली नसती, हे मान्य.) तटस्थतेचा आसरा फार टिकला नाही. ब्रिटनच्या सांगण्यावरून पोर्तुगालने फेब्रुवारी १९१६ मध्ये आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, आणि त्यावरून जर्मनीने ९ मार्च १९१६ रोजी पोर्तुगालवर युद्ध पुकारलं. ही तारीख लक्षात ठेवावी.

हान्सा त्या युद्धात आपला ताफा गमावून बसली, पुन्हा उभी राहिली. तोवर बदल झाला होता तो मागच्या टोकाच्या ध्वजात. १९३३ मध्ये हिटलर आल्यावर जर्मन जहाजांवर जुना काळा-पांढरा-लाल आणि नाझी स्वस्तिकाचा असे दोन ध्वज आले. २६ जुलै १९३५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नॉर्थ जर्मन लॉइडच्या 'ब्रेमेन' या जहाजावर निदर्शक चढले आणि त्यांनी स्वस्तिकाचा ध्वज उपटून हडसन नदीत फेकला. पकडलेल्यांपैकी बहुतेकांना सोडताना तिथल्या लुई ब्रॉडस्की या दंडाधिकाऱ्यांनी त्या ध्वजाची तुलना चाच्यांच्या काळ्या निशाणाशी केली. जर्मनी खवळली. त्याच सप्टेंबरच्या १५ तारखेला न्यूरेंबर्गला जे कुप्रसिद्ध कायदे झाले त्यांत एक ध्वजाचा होता: यापुढे स्वस्तिकाचा ध्वज हाच एकमेव राष्ट्रध्वज आणि हाच व्यापारी जहाजांचा ध्वज. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारा कायदा त्याच दिवशीचा.

पेढ्यांचे बावटे तसेच राहिले, पण त्यांच्याखालची घरं रिकामी होऊ लागली. हापागला जगातली सगळ्यांत मोठी जहाज कंपनी करणारा आल्बर्ट बालीन ज्यू होता. तो १९१८ मध्येच वारला होता, तरी त्याचं नाव असलेल्या जहाजाचं नाव १९३५ मध्ये बदलण्यात आलं. आर्नोल्ड बर्नस्टाईन या ज्यू जहाजमालकाला १९३७ मध्ये तुरुंगात टाकून त्याची कंपनी बळकावली गेली. पेढीचा बावटा हा मालकाचा असतो हा समज तेव्हाच संपायला हवा होता. मधल्या डोलकाठीवर काय फडकायचं, हे आता मागचा ध्वज ठरवत होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध लागलं तेव्हा हान्साची तीन जहाजं, एरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स, मुरगावला येऊन नांगर टाकून बसली. पुढे 'अन्फोरा' हे इटालियन जहाजही त्यांच्या सोबतीला आलं. प्रथेप्रमाणे पाहिलं तर एरेनफेल्सवर पुढे पोर्तुगालचा हिरवा-लाल, मध्ये माल्टीज क्रूस, मागे नाझी स्वस्तिक. क्रूस आणि स्वस्तिक एकाच जहाजावर! पाचूबंदरच्या होड्यांवर हे दोन्ही दिसतात तेव्हा ते देवाला घातलेलं साकडं असतं. इथे एक चिन्ह भाडं कुणाला द्यायचं हे सांगत होतं आणि दुसरं गोळी कुणावर झाडायची हे.

साडेतीन वर्षं ती जहाजं तिथेच होती. एरेनफेल्सवरून चोरट्या रेडिओने दोस्तांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना जाते असा ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा संशय होता. तटस्थ बंदरात सैन्य घुसवणं शक्य नव्हतं. तेव्हा लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांनी कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतले १८ जण निवडले. बहुतेक पोक्त वयाचे, कंपन्यांत आणि बँकांत नोकऱ्या करणारे. ते आगगाडीने कोचीनला आले. 'फीबी' नावाची गाळ वाहणारी बोजड बार्ज कलकत्त्याहून लंकेला वळसा घालून तिथे आली होती. तिच्यातून ते मुरगावात शिरले. किनाऱ्यावर त्या रात्री खलाशांसाठी मेजवानी आणि बाकीही फुकट सोय ठेवली होती, अशी कहाणी सांगितली जाते. एरेनफेल्सवर चढाई झाली, तिचे कप्तान आणि आणखी चार जण मारले गेले, रेडिओ निकामी झाला. जर्मनांनी जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तळाच्या झडपा उघडल्या, आगी लावल्या. त्या ज्वाळा पाहून बाकीच्या तिन्ही जहाजांच्या लोकांनीही आपापली जहाजं बुडवली. हल्लेखोरांपैकी कुणीही दगावलं नाही.

ती रात्र ९ मार्च १९४३ ची. याच मुरगावसारख्या बंदरांतल्या जहाजांवरून जर्मनीने पोर्तुगालवर युद्ध पुकारलं होतं त्याला बरोबर सत्तावीस वर्षं त्या दिवशी झाली. योगायोगच, पण असा की इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा.

तटस्थतेचा भंग झाला होता, त्यामुळे ना पदकं दिली गेली ना वाच्यता झाली. मला नेहमी वाटतं, की त्या रात्री पाण्यावर कुणाचंही निशाण खरं नव्हतं. फीबीवरचे लोक सैनिक असून सैनिक नव्हते, एरेनफेल्स व्यापारी असून नुसतं व्यापारी नव्हतं, आणि पुढच्या डोलकाठीवरचा पोर्तुगीज ध्वज ज्याचं आश्वासन देत होता ते द्यायची ताकद पोर्तुगालकडे नव्हती. यात शूर कोण, लबाड कोण, याचा निवाडा पुस्तकं ज्या सहजतेने करतात ती मला जमत नाही.

युद्धानंतर जर्मन जहाजांना राष्ट्रध्वजच उरला नाही. देश चार सत्तांच्या ताब्यात, तेव्हा १९४६ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी संकेत-निशाणांतलं 'सी' हे अक्षर, टोकाला खाच कापून, ध्वजाच्या जागी लावायचं असं ठरलं. निळा-पांढरा-लाल-पांढरा-निळा असा तो नुसता ओळखीचा तुकडा. त्याला सलामी द्यायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. १९५१ मध्ये काळा-लाल-सोनेरी ध्वज आला तोवर मधल्या डोलकाठीवरचे पेढ्यांचे जुने बावटेच काय ती ओळख सांगत होते. हान्साचा क्रूसही परतला, मुंबईच्या गोदीतही पुन्हा दिसू लागला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

मुरगावची हकिगत जगाला कळली ती १९७८ मध्ये, जेम्स लिझर यांच्या 'बोर्डिंग पार्टी' या पुस्तकामुळे. त्यावरून 'द सी वुल्व्ज' हा सिनेमा निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन, चित्रीकरण गोव्यातच. तो १९८० मध्ये पडद्यावर आला. आणि त्याच वर्षी ब्रेमेनमध्ये हान्सा कंपनीचं दिवाळं निघालं, जहाजं विकली गेली, बावटा खाली आला. माझ्या पुस्तकात तो अजून छापलेला आहे. पानाचा तेवढा कोपरा कुणीतरी पेन्सिलीने खुणावून ठेवलाय, माझ्या आधीच्या मालकाने असावा.