एका साक्षीवर उभी असलेली स्मृती

युद्धातील वीरकृत्याचा इतिहास लिहिताना कृत्याच्या थोरवीआधी त्याच्या साक्षीदाराचा विचार करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबर कमांडचे ५५,५७३ विमानसैनिक कामी आले. रात्री शत्रुप्रदेशावर पेटलेल्या विमानात अखेरच्या क्षणी कोण कसा वागला, हे सांगण्यास पुष्कळदा कोणीच उरत नसे. या दृष्टीने अँड्र्यू मिनार्स्की याचे उदाहरण अभ्यसनीय आहे.

मिनार्स्की हा कॅनडातील विनिपेग येथे १९१६ साली जन्मलेला, पोलिश स्थलांतरितांचा मुलगा. कॅनडाच्या हवाई दलाच्या ४१९ व्या स्क्वाड्रनमधील एका लँकेस्टर विमानावर तो गोलंदाज होता. १२ जून १९४४ च्या रात्री फ्रान्समधील काँब्रे येथील रेल्वेवर हल्ला करण्यास निघालेले हे विमान जर्मन लढाऊ विमानाच्या माऱ्याने पेटले. वैमानिकाने उडी घेण्याचा हुकूम दिला. शेपटीकडील गोलंदाज पॅट ब्रॉफी मात्र आपल्या कक्षात अडकला होता. मिनार्स्की ज्वाळांतून त्याच्यापर्यंत गेला. त्याची वस्त्रे व हवाई छत्री पेटली, तरी सुटका होईना. अखेर ब्रॉफीनेच त्याला परत जाण्यास खुणावले. जळत्या वस्त्रांनिशी ताठ उभे राहून मिनार्स्कीने त्याला सलाम केला आणि मग उडी घेतली. भाजल्यामुळे त्याचा लवकरच अंत झाला. विमान कोसळताना बाहेर फेकला गेलेला ब्रॉफी मात्र आश्चर्यकारकरीत्या वाचला. त्याच्या निवेदनावरून १९४६ साली मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

या वृत्तान्ताचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. पेटलेल्या छत्रीसह तो खाली येताना जमिनीवरील फ्रेंच लोकांनी पाहिला होता; तो आगीत सापडला होता, यास स्वतंत्र पुरावा आहे. विमानातील प्रयत्न आणि तो सलाम यांना आधार केवळ ब्रॉफीचा. एकट्याची साक्ष म्हणून ती त्याज्य ठरत नाही. फ्रेंच लोकांनी जे पाहिले, त्याच्याशी ती जुळते. तथापि इंग्लंडमध्ये मिडल्टन सेंट जॉर्ज येथे २००५ साली उभारलेल्या पुतळ्यात मिनार्स्की सलाम करतानाच दाखविला आहे. म्हणजे जो क्षण एकाच डोळ्यांनी पाहिला, तोच लोकस्मृतीत स्थिर झाला.

रनिमीड येथील १९५३ सालच्या स्मारकावर ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा वीस हजारांहून अधिक विमानसैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्यातही असे काही घडले नसेल, असे कोणी म्हणावे? साक्षीदाराचा अभाव म्हणजे कृत्याचा अभाव नव्हे. वीरांची यादी ही शौर्याची संपूर्ण गणना नसून, ज्याचा वृत्तान्त सांगणारा वाचला तेवढ्या शौर्याची नोंद होय.