पंडिता रमाबाई : बाप्तिस्मा घेतला, मान तुकवली नाही

रमाबाईंच्या धर्मांतरावर वादंग पुष्कळ झाले. त्यामागचा प्रश्न फार थोड्यांनी पाहिला.

साल १८८३. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना सांभाळत. यांच्याविषयी एवढी करुणा का, असे रमाबाईंनी विचारले. एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली : पाच नवरे झालेल्या स्त्रीशी येशू विहिरीपाशी धर्मचर्चा करतो. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

मात्र बिशपांपुढे त्या नमल्या नाहीत. पुरुषांना शिकवण्यास हरकत घेतली गेली, तेव्हा त्यांची पत्रे धारदार झाली. १८८७ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी रखमाबाईंची बाजू घेतली. नवऱ्याकडे नांद, नाहीतर तुरुंगात जा, असा तो न्याय! १८९७ मध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या दुर्दशेवर त्यांनी जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते स्वधर्मीय होते, तरीही.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघाले. (नांदेड-लातूरच्या मित्रांनो, त्यांचे काम तेव्हाच्या निजामी मुलखातही, गुलबर्ग्यापर्यंत, पोहोचले होते.)

माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी धर्मचिंतन म्हणजे बायबलचे भाषांतर. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. सामान्य बायकांना ते कळेना. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, खिळे जुळवणारे हातही बायकांचेच. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.